प्रश्न कळला, तर उत्तर येतं

(भंडारदरा येथे झालेल्या तीन दिवसांच्या शिबिरात दुसऱ्या दिवशी सकाळी केलेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलण्याची वळणे शक्यतो तशीच ठेवली आहेत.)



काल रात्री गाणी बराच वेळ चालली, त्यामुळे सगळ्यांच्या डोळ्यांवर थोडी झोप आहे. माझ्याही आहे. त्यात पत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘मुली आणि शाळेचे इंग्रजी’ असा विषय छापलाय. मघाशी चहा घेताना एका ताईंनी मला सरळच विचारलं, “आपलं शिबिर बायकांच्या प्रश्नांचं. कालचं सत्र मारहाणीवर झालं, उद्याचं जमिनीच्या हक्कावर आहे. मध्येच हा इंग्रजीचा तास कशाला?” प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायचा प्रयत्न करते.

मी या भागातल्या वाड्यांमध्ये आठ वर्षं काम करते आहे. बचत गट, दवाखान्याचे प्रश्न, रेशनकार्ड, असं सगळंच. त्याबरोबर संध्याकाळी समाजमंदिरात मुलींचा अभ्यासवर्ग चालतो. आठवी ते बारावीच्या वीस-बावीस मुली येतात. बहुतेक महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या. पावसाळ्यात चार-चार दिवस वीज नसते, तेव्हा कंदिलावर चालतो. या वर्गामुळे मला जो प्रश्न दिसला, तो मला आधी प्रश्न म्हणून दिसतच नव्हता.

तीन वर्षांपूर्वी आमच्या एका वाडीतली मुलगी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली. नाव सांगत नाही, कारण ती इथेच मागे बसली आहे आणि तिने मला तशी अट घातली आहे. तिला नर्स व्हायचं होतं. म्हणून विज्ञान शाखेला अकरावीत प्रवेश घेतला. तालुक्याच्या गावी राहायची सोय झाली. वाडीतली विज्ञान शाखेला गेलेली ती पहिली मुलगी. आणि दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली ती ट्रंक घेऊनच आली. परत जायचं नाही म्हणाली. आईवडिलांनी फार चौकशी केली नाही. “डोकं चाललं नाही” एवढंच म्हणाले. पंधरा दिवसांत पाहुण्यांची बोलणी सुरू झाली. तेव्हा तिला सोळा वर्षं पुरी होऊन थोडेच महिने झाले होते.

मी तिच्याशी बोलायला गेले तेव्हा माझ्या डोक्यात आपली नेहमीची कारणं होती. वसतिगृहात त्रास झाला का, कुणी छेड काढली का, पैशाची अडचण आहे का. तिने एकेका प्रश्नाला मान हलवली. मग आत जाऊन चाचणीचे पेपर आणले आणि माझ्यासमोर ठेवले. म्हणाली, “ताई, मला येत नाही असं नाही. विचारलंय काय तेच कळत नाही.”

मी पेपर वाचले. एका प्रश्नात ‘डिस्टिंग्विश बिट्वीन इव्हॅपोरेशन अँड बॉइलिंग’ असं होतं. तिने बाष्पीभवनाबद्दल पाऊण पान लिहिलं होतं. इंग्रजी मोडकंतोडकं, पण मजकूर बरोबर. उकळण्याबद्दल मात्र काहीच नाही, कारण ‘डिस्टिंग्विश’ म्हणजे फरक सांगायचा हे तिला माहीत नव्हतं. पाचपैकी शून्य. दुसरा प्रश्न ‘स्टेट’ या शब्दाने सुरू होत होता. स्टेट म्हणजे राज्य, एवढं तिला माहीत होतं. महाराष्ट्र स्टेट. न्यूटनच्या नियमाच्या आधी राज्य कुठून आलं, हे न कळल्याने तिने तो प्रश्नच सोडून दिला होता. नियम तिला मराठीत तोंडपाठ होता. मी विचारल्यावर तिथेच चुलीसमोर तिने तो म्हणून दाखवला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण हे माझ्या बाबतीतही घडलेलं होतं आणि मी ते विसरून गेले होते. मी छोट्या गावातल्या मराठी शाळेत शिकलेली. एमएसडब्ल्यूला गेले तेव्हा पहिल्या सहामाहीत वर्गात ‘इंटरव्हेन्शन’, ‘असेसमेंट’, ‘पर्स्पेक्टिव्ह’ हे शब्द नुसते वाऱ्यासारखे कानावरून जायचे. बोलण्यापुरतं इंग्रजी मला येत होतं. दुकानात, बसमध्ये, मैत्रिणींशी माझं भागत होतं. पण पुस्तक उघडलं की भिंत. वर्गात मी सहा महिने तोंड उघडलं नाही आणि सगळ्यांनी, मी स्वतःसुद्धा, मला ‘शांत स्वभावाची’ ठरवून टाकलं. आपल्यातल्या कितीजणी अशा ‘शांत स्वभावाच्या’ ठरल्या असतील, याचा विचार करा.

मधले शब्द

मग मी यावर थोडं वाचलं. कॅनडात जिम कमिन्स नावाचे भाषाशिक्षणाचे अभ्यासक आहेत. दुसऱ्या देशातून आलेल्या मुलांबद्दल त्यांनी १९७९ साली मांडलं की बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खेळताना, बाजारात लागणारी भाषा मूल साधारण दोन वर्षांत उचलतं. पुस्तकाच्या भाषेत बरोबरीला यायला मात्र पाच ते सात वर्षं लागतात. शिक्षक पहिली भाषा ऐकतात आणि समजतात की मुलाला भाषा आली. मग पुस्तकात अडलं की म्हणतात, मुलाला बुद्धी नाही. ती मुलं रोज चारी बाजूंनी इंग्रजी ऐकत होती, तरी इतकी वर्षं. आमच्या मुलींना इंग्रजी ऐकू येतं ते काजवे बघायला आलेल्या पाहुण्यांच्या तोंडून, तेही मे-जूनमध्ये.

माझ्यापुरतं मी शब्दांचे तीन ढीग केले. पहिला ढीग रोजच्या शब्दांचा. रेन, काऊ, मदर, वॉटर. २००० सालापासून आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामुळे हे शब्द मुलींना येतात. दुसरा ढीग विषयाच्या शब्दांचा. फोटोसिंथेसिस, कॉर्निया, अॅसिड. हे अवघड दिसतात, पण पुस्तकात ते ठळक छापलेले असतात, शिक्षक त्यांची व्याख्या फळ्यावर लिहून देतात, मुली पाठ करतात. आणि या दोन्हींच्या मध्ये तिसरा ढीग आहे. कम्पेअर, डिफाइन, जस्टिफाय, इन्क्रीज, कॉन्स्टंट, फॅक्टर, प्रोसेस, रिझल्ट, ड्यू टू, देअरफोर, हाऊएव्हर. हे कुठल्याच विषयाचे नाहीत आणि सगळ्याच विषयांत आहेत. यांना मी ‘मधले शब्द’ म्हणते. न्यूझीलंडमधल्या अॅव्हरिल कॉक्सहेड या बाईंनी २००० साली महाविद्यालयीन पुस्तकं तपासून अशा शब्दांची यादीच केली. ५७० शब्दकुटुंबं निघाली. म्हणजे डोंगर आहे, पण अंत नसलेला नाही.

हे मधले शब्द कुणी शिकवत नाही. विज्ञानाचे सर म्हणतात, हे इंग्रजीच्या तासाचं काम. इंग्रजीच्या बाई म्हणतात, आमच्या धड्यात हे नाही. शहरातल्या मुलीला ते घरात मिळतात, क्लासमध्ये मिळतात, मोठ्या भावाच्या पुस्तकातून मिळतात. आमच्या मुलीच्या घरात पुस्तक नावाची वस्तू तिचंच पहिलं. म्हणजे जे शाळेत शिकवलं जात नाही आणि घरात असतं, त्याची परीक्षा घेतली जाते. मग ती परीक्षा मुलीची झाली की तिच्या घराची?

आणि मुलीच्या बाबतीत एक गोष्ट जास्तीची असते. मुलगा अकरावीत नापास झाला तर तो पुन्हा बसतो, निदान गावात हिंडतो. मुलगी नापास झाली की तिचं लग्न होतं. अठराच्या आत लग्न करू नये हा कायदा सगळ्यांना माहीत आहे, आपणच तो वाडीवाडीत जाऊन सांगतो. पण शाळा सुटलेल्या मुलीच्या घरी जाऊन कायदा सांगणं आणि शाळा सुटूच न देणं, यात कुठलं काम सोपं, ते तुम्ही सांगा. म्हणून हा विषय या शिबिरात आहे.

दोन भिंती

आता कुणी म्हणेल, मग मराठीतच शिकू द्या, प्रश्न मिटला. मला मातृभाषेतलं शिक्षण मनापासून पटतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही शक्य तितकं मातृभाषेतून शिकवावं असं म्हटलंय. पण आमच्या मुलींची मातृभाषा कुठली? घरात त्या बोलतात ती पुस्तकातली मराठी नाही. ‘प्रकाशसंश्लेषण’, ‘सांद्रीभवन’, ‘अनुमान काढा’, ‘समर्पक उदाहरण द्या’ हे शब्द त्यांच्या घरात कधी कुणी उच्चारलेले नाहीत. मराठी पुस्तकाची एक भिंत त्या पहिलीपासून चढतच असतात. ती चढून पलीकडे उतरतात तोवर अकरावीत इंग्रजीची दुसरी भिंत पुढे उभी.

आणि ज्ञान काही कमी नाही. इथून जवळच, याच अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे आहेत. शाळेत गेल्या नाहीत. गावठी बियाणं जपण्याच्या त्यांच्या कामासाठी २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बी कुठलं निवडायचं, कसं टिकवायचं, कुठलं वाण कमी पावसात तगतं, हे सगळं त्या स्वतःच्या बोलीत सांगतात आणि शेतीतले पदवीधर ते लिहून घेतात. पुस्तकात यालाच ‘सिलेक्शन’, ‘व्हरायटी’, ‘रेझिस्टन्स’ म्हणतात. आमच्या मुलींच्या आज्यांकडेही यातलं बरंच आहे. वस्तू घरात आहे, पण तिच्यावर पुस्तकाची चिठ्ठी लावलेली नाही. आमचं काम ती चिठ्ठी लावायचं.

हंडा आणि ‘वर्क’

एक प्रसंग सांगते. नववीच्या विज्ञानात ‘कार्य आणि ऊर्जा’ हा धडा आहे. इंग्रजीत ‘वर्क अँड एनर्जी’. आमच्या वर्गात निम्म्या मुलींच्या शाळेत विज्ञान मराठीतून, निम्म्यांना सेमी-इंग्रजी. तेव्हा दोन्ही पुस्तकं समोर ठेवून बसलो. कार्य बरोबर बल गुणिले विस्थापन. वर्क, फोर्स, डिस्प्लेसमेंट.

‘विस्थापन’ शब्द वाचल्याबरोबर एक मुलगी म्हणाली, “ताई, हे तर धरणवाल्यांचं. ज्यांची जमीन धरणात गेली ते विस्थापित.” मी म्हटलं, शब्द तोच, इंग्रजीतही तोच. इथे अर्थ वेगळा. निघालो ती जागा आणि पोचलो ती जागा, यांच्यामधलं सरळ रेषेतलं अंतर म्हणजे विस्थापन. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हणजे आई सकाळी पाण्याला गेली आणि घरी परत आली, तर तिचं विस्थापन किती?” मी म्हटलं, शून्य. वर्गात हशा पिकला. पण खरी पंचाईत पुढे होती. डोक्यावर हंडा घेऊन सपाट रस्त्याने चाललं, तर पुस्तकाच्या हिशेबाने हंड्यावर केलेलं कार्य शून्य येतं. कारण आपण हंड्याला वर उचलून धरलेलं असतं आणि जातो मात्र आडवे. बल एका दिशेला, विस्थापन काटकोनात दुसऱ्या. आता मुली हसेनात. एक जण चिडून म्हणाली, “हे पुस्तक लिहिणाराने कधी हंडा घेतलाय का डोक्यावर?”

तुम्हाला माहीत आहे, इथे धरण आहे. १९१० साली काम सुरू झालं, १९२६ साली पुरं झालं. खाली प्रवरेच्या काठाने ऊस उभा आहे. आणि वरच्या कित्येक वाड्यांना एप्रिल-मे महिन्यात हंडा घेऊन उतरावं लागतं. धरण उशाला, कोरड घशाला, ही म्हण आम्हाला कुणी शिकवावी लागत नाही.

मी मुलींना म्हटलं, चिडून उपयोग नाही, हिशेब करू. आमच्या वाडीची विहीर खाली ओढ्याच्या काठाला आहे. एका मुलीचा मामा गवंडी आहे. त्याची पाण्याची नळी आणि टेप आणून मुलींनी रविवारी विहिरीपासून वाडीपर्यंतचा चढ टप्प्याटप्प्याने मोजला. चाळीस मीटर भरला. हंडा पंधरा लिटरचा, म्हणजे पंधरा किलो. गुरुत्वाचा आकडा सोयीसाठी दहा धरला. पंधरा गुणिले दहा गुणिले चाळीस, सहा हजार ज्यूल. हे झालं नुसत्या हंड्याचं. पंचेचाळीस किलोची बाई स्वतःला वर चढवते त्याचे अठरा हजार. एका खेपेला चोवीस हजार ज्यूल. दिवसाला चार खेपा. मुलींनी तक्ता केला, त्याखाली इंग्रजीत वाक्यं लिहिली. ‘हाइट इन्क्रीजेस, देअरफोर वर्क इन्क्रीजेस.’ ‘ऑन द फ्लॅट रोड, वर्क डन ऑन द पॉट इज झीरो बिकॉज फोर्स इज परपेंडिक्युलर टू डिस्प्लेसमेंट.’ इन्क्रीज, देअरफोर, बिकॉज, परपेंडिक्युलर. त्या आठवड्यात हे शब्द एकीचेही चुकले नाहीत.

मग मी त्यांना सांगितलं की ‘वर्क’ या शब्दाचं भांडण आपलंही आहे. भौतिकशास्त्राने तो आपल्या कामापुरता एका अर्थाने घेतला, त्याला इलाज नाही, तिथे तो तसाच वापरायचा. पण जनगणनेतही ‘काम’ शब्दाची व्याख्या असते आणि ती माणसांनी ठरवलेली असते. स्त्रियांचा अभ्यास करणाऱ्यांनी बरीच वर्षं आग्रह धरला, तेव्हा कुठे १९९१ च्या जनगणनेच्या प्रश्नात शेतावरच्या आणि घरच्या धंद्यातल्या बिनपगारी कामाचा स्पष्ट उल्लेख आला. घरचा स्वयंपाक, पाणी, मुलं तरी बाहेरच राहिली. २०१९ साली सरकारने वेळेच्या वापराची देशभर पाहणी केली. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाया तेव्हा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं ते करत होत्या, पुरुष ९७. आणि असं काम करणाऱ्या बाया शंभरात ८१ होत्या, पुरुष २६. ही आकडेवारी मुलींनी ‘कम्पेअर’ शब्द शिकताना वापरली. एकीने वहीत लिहिलं, ‘माय मदर्स डिस्प्लेसमेंट इज झीरो बट हर वर्क इज नॉट झीरो.’ या वाक्याला परीक्षेत मार्क मिळणार नाहीत. मी दिले.

आम्ही काय करतो

तुमच्या गावी कुणाला असा वर्ग चालवायचा असेल, तर थोडं सविस्तर सांगते. यात फार मोठी विद्या नाही. चिकाटी मात्र लागते.

आठवड्याला आठच शब्द घेतो. सुरुवातीला मी उत्साहाने पन्नास शब्दांची यादी पाठ करायला दिली होती. मुलींनी पाठ केली, सोमवारी म्हणून दाखवली आणि गुरुवारी विसरल्या. शब्द आणि त्याचा अर्थ अशी जोडी पाठ करून शब्द येत नाही. तो निदान दहा वेळा वेगवेगळ्या जागी भेटावा लागतो. नवीन सून जशी एकदम कळत नाही, चार कामांत, चार सणांत दिसावी लागते, तसं.

आधी गोष्ट, मग शब्द. बाष्पीभवन शिकवायचं तर फळ्यापासून सुरुवात करत नाही. आमच्याकडे हिरडा गोळा करतात. ओला हिरडा व्यापारी पडत्या भावाने घेतो, म्हणून तो वाळवायचा. मुलींनी एक किलो ओला हिरडा घेतला, रोज तोलला, वजन लिहिलं. मग विचारलं, वजन कमी का झालं? प्रत्येकीने आपल्या बोलीत सांगितलं. त्यानंतर पुस्तकातला मराठी शब्द, सगळ्यात शेवटी इंग्रजी. बोली, मराठी, इंग्रजी, असे तीन रकाने वहीत असतात. पहिला रकाना कधी रिकामा ठेवायचा नाही. तो भरायला आई किंवा आजी लागते, हा त्यातला मोठा फायदा. राब भाजण्यापासून आवणीपर्यंतची कामं एका आजीने वर्गात येऊन क्रमाने सांगितली आणि मुलींनी ती ‘फर्स्ट, नेक्स्ट, आफ्टर दॅट, फायनली’ अशी लिहिली. पुस्तकातल्या कुठल्याही ‘प्रोसेस’चं वर्णन असंच करायचं असतं, हे मग वेगळं सांगावं लागलं नाही. आजी जाताना म्हणाली, “म्या इंग्रजी शिकवलं म्हणायचं.” खरंच होतं ते.

शब्दाचं सगळं घर एकदम दाखवतो. इव्हॅपोरेट आणि इव्हॅपोरेशन, कम्पेअर आणि कम्पॅरिझन, इन्क्रीज आणि इन्क्रीझिंग. नाहीतर मुलीला एक माहीत असतो आणि परीक्षेत त्याची बहीण समोर येते. एकाच शब्दाचे दोन अर्थ असतील तर तेही उघड सांगतो. ‘टेबल’ म्हणजे मेज आणि तक्ता. ‘पॉवर’ म्हणजे सत्ता, शक्ती आणि गणितातला घातांक. ‘स्टेट’ म्हणजे राज्य, आणि स्टेट म्हणजे सांगा.

आणि मुलींनी बोलायचं. दोघीदोघींनी समोरासमोर बसून. उच्चारावरून हसायचं नाही हा वर्गाचा एकच कडक नियम. पहिल्या वर्षी मी तो केला नव्हता आणि एक मुलगी तेवढ्यावरून यायची बंद झाली. मी दोनदा तिच्या घरी गेले, ती आली नाही. पुढच्या मे महिन्यात तिचं लग्न झालं. सतरा वर्षांची होती. आम्हाला उशिरा कळलं. ही माझी चूक होती. मी ती इथे सांगते आहे, कारण आपण आपल्या यशाचेच अहवाल लिहितो.

आपले शब्द

आता थोडं आपल्याविषयी. रागावू नका. शाळेची पुस्तकं जे करतात तेच आपणही करतो. मी पहिल्या वर्षी बचत गटाच्या बैठकीत ‘सक्षमीकरण’, ‘लिंगभाव’, ‘सहभागी नियोजन’ असे शब्द वापरत होते. बाया माना डोलवत होत्या. मला वाटलं, समजतंय. एका बैठकीनंतर एक म्हातारी बाई हळूच जवळ येऊन म्हणाली, “ताई, ते सक्षमीकरण कोणत्या हाफिसात मिळतं? माझा अर्ज भरशील का?” मी घरी येऊन हसले, पण नंतर हसू राहिलं नाही. तिने निदान विचारलं. बाकीच्या ‘शांत स्वभावाच्या’ होत्या.

हे शब्द टाकून द्या असं मी म्हणत नाही. ‘लिंगभाव’ शब्द मिळाल्यावर मला माझ्याच आयुष्यातलं बरंच काही दिसायला लागलं. जड शब्दांत ताकद असते, म्हणून तर ते मोजक्या लोकांच्या हातात राहतात. ते सोडायचे नाहीत, शिकवायचे. पण शिकवायचे, गृहीत धरायचे नाहीत.

इंग्रजीच्या मागे लागून मुली आपली बोली विसरतील, ही भीती काहीजणींनी काल बोलून दाखवली. ती मलाही आहे. म्हणून तर तो पहिला रकाना. पण आपण ज्यांचं नाव घेतो त्या सावित्रीबाईंनी याच जिल्ह्यात, नगरला मिस फरार यांच्याकडे शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं, आणि १८५४ सालच्या ‘काव्यफुले’मध्ये शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकण्याचा आग्रह केला. ज्या भाषेत निर्णय होतात, ती भाषा आपल्या लेकींना न देणं हा त्यांना बोलीप्रेमाचा प्रकार वाटला नसता.

शेवटी

ती ट्रंक घेऊन परत आलेली मुलगी. पाहुण्यांची बोलणी आम्ही थांबवली, आणि त्यात तिच्या आईचा वाटा माझ्यापेक्षा मोठा होता. आई म्हणाली, “एक साल द्या तिला.” त्या सालात तिने मधले शब्द काढले. रोज संध्याकाळी जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन बसायचं, उत्तर लिहायचंच नाही, फक्त प्रश्न काय विचारतोय ते आपल्या बोलीत सांगायचं. दोन महिने एवढंच. नंतर अकरावीला पुन्हा बसली, बारावी पास झाली, मार्क बेताचे पडले. सध्या नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. तिथेही इंग्रजी पुस्तकं आहेत, रडते अधूनमधून, फोन करते. सगळं सुरळीत झालंय असं मी सांगणार नाही.

पण मागच्या महिन्यात तिची मावशी एका दवाखान्यात ऑपरेशनसाठी भरती झाली. नातेवाइकांच्या हातात इंग्रजी कागद आला. “अंगठा करा, सगळेच करतात.” आपल्यापैकी किती जणींच्या आयांनी असे अंगठे केलेत, ते आपल्याला माहीत आहे. ही मुलगी तिथे होती. तिने कागद घेतला आणि मावशीच्या खाटेवर बसून एकेक ओळ तिला बोलीत सांगितली. ‘कन्सेंट’ म्हणजे काय, ‘रिस्क’ म्हणजे काय, ‘प्रोसीजर’ कुठली लिहिली आहे. त्यात गर्भपिशवी काढण्याचाही उल्लेख होता. मावशीला कुणी ते सांगितलेलं नव्हतं. मावशीने डॉक्टरांना विचारलं, का काढायची? बोलणं झालं, कारणं विचारली गेली. मावशी म्हणाली, दुसऱ्या डॉक्टरला दाखवते, मग ठरवते. अंगठा त्या दिवशी उठला नाही.

मघाशी ज्या ताईंनी विचारलं होतं, की बायकांच्या शिबिरात इंग्रजीचा तास कशाला, त्यांना माझ्याकडे एवढंच उत्तर आहे.

दुपारच्या गटचर्चेसाठी एक काम देते. आपापल्या गावातल्या नववी ते अकरावीच्या मुलींच्या प्रश्नपत्रिका मागवा. उत्तरपत्रिका नकोत, प्रश्नपत्रिका. मुलीजवळ बसा आणि विचारा, यात काय विचारलंय, तुझ्या शब्दांत सांग. तिला सांगता आलं नाही, तर लगेच अर्थ सांगू नका. आधी तो शब्द वहीत लिहा. पुढच्या शिबिराला येताना ती वही घेऊन या. सगळ्यांच्या वह्या एकत्र केल्या, तर आपल्या भागातल्या मुली नेमक्या कुठे अडतात, याची आपली स्वतःची यादी तयार होईल. ती घेऊन मग शाळांकडे जाता येईल.

आता चहा झाला असेल. प्रश्न असतील तर विचारा. न समजलेला शब्द असेल तर तो आधी विचारा.